अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या पूर्वजाची माहिती कुठे शोधावी?

तुमच्या सासऱ्यांचे पणजोबा ओहायोच्या पायदळ रेजिमेंटमध्ये होते एवढंच ठाऊक असेल, तर वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमधून (राष्ट्रीय अभिलेखागारातून) त्यांची पेन्शन फाइल मागवा. सेवानोंद नंतर पाहिली तरी चालेल. सेवानोंदीत भरतीची तारीख, वय, हजेरी, फार तर जखमी किंवा कैद झाल्याचा उल्लेख मिळतो. पेन्शनसाठी मात्र विधवेला लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत, जुने सोबती शपथपत्रं देत. जन्म-लग्नांच्या नोंदी लिहिलेलं घरच्या बायबलचं फाडलेलं पानही कधीकधी फाइलीत निघतं! सगळ्यांच्या नावे अशी फाइल नसते, कारण युद्धात अविवाहित मेलेल्याच्या मागे अनेकदा अर्ज करणारंच कुणी नसे.

मागणी करण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या 'सोल्जर्स अँड सेलर्स' या मोफत डेटाबेसमध्ये रेजिमेंट आणि कंपनीचं (रेजिमेंटमधल्या तुकडीचं) अक्षर पाहून घ्या. एकाच नावाचे अनेक सैनिक असतात आणि कारकुनांनी आडनावं कानाला लागली तशी लिहिलीत, म्हणून निरनिराळी स्पेलिंगं घालून बघा.

पेन्शन फाइलीचं हे सगळं उत्तरेकडच्या, म्हणजे युनियनच्या सैनिकांपुरतं. दक्षिणेकडच्यांना पेन्शन त्या-त्या राज्यांनी दिली. तो सैनिक युद्धानंतर जिथे राहिला, त्या राज्याच्या अभिलेखागारात शोधावं लागतं.