हात आत घालण्याआधी

मागच्या अंकात पशुवैद्यकीय प्रवेशाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात जनावरांच्या आजारांपेक्षा त्यावरच जास्त पत्रं आली. म्हणून गोचीड, कासदाह वगैरे पुढच्या अंकावर टाकून या वेळी डॉक्टर घडवण्याबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत. उत्तरं देणारा मी पशुप्रजननशास्त्राचा मास्तर, परभणी आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकवून निवृत्त झालेला. गाडी फिरून फिरून गर्भाशयाकडे वळली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : मुलीला नीटच्या गुणांवर पशुवैद्यकीयला जागा मिळेल असं दिसतंय. माझे सासरे म्हणतात, म्हशीच्या मागं उभं राहणं पोरीचं काम नाही, ताकद लागते. मुलगी स्वतः म्हणते, प्रवेश घेऊन ठेवते आणि एमबीबीएससाठी पुन्हा नीट देते. काय करावं?
— एक आई, फलटण

उत्तर : आधी आजोबांना उत्तर देतो. अडलेल्या म्हशीशी ताकदीनं भांडायला गेलात तर पैलवानही हरतो. म्हणून आम्ही भांडायला शिकवतच नाही. शेपटीच्या मुळाशी मणक्यात भुलीचं इंजेक्शन दिलं की जनावराचं कुंथणं थांबतं. मग रेडकू ओढायचं नाही, उलट आधी आत ढकलायचं, जागा करून घ्यायची, दुमडलेला पाय किंवा वळलेली मान सरळ करायची, भरपूर वंगण घालायचं आणि त्यानंतर दोरीला हात लावायचा.

आमच्या एका विद्यार्थिनीची केस सांगतो. दिवस भरलेली म्हैस, सकाळपासून बेचैन, कळा देते पण पाण्याची पिशवी काही दिसत नाही. मुलीनं योनिमार्गात हात घातला तर आतल्या घड्या उजवीकडे वळत गेलेल्या लागल्या. गर्भाशयाला उजवा पीळ. म्हशींमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. तिनं म्हैस उजव्या कुशीवर पाडायला लावली, पुढचे दोन आणि मागचे दोन पाय वेगवेगळे बांधले, पोटावर लांब फळी टेकवून तिच्यावर एक माणूस उभा केला आणि पिळाच्याच दिशेनं म्हैस उलथवली. फळीच्या दाबानं आतला गर्भ जागेवर राहतो, म्हैस त्याच्याभोवती फिरते आणि पीळ उलगडतो. पहिल्या खेपेला उलगडला नाही. तिनं पुन्हा हात घालून पाहिलं, पुन्हा फिरवायला लावलं, तेव्हा बदाबदा पाणी आलं. दोऱ्या ओढायला गावातली दांडगी माणसं होतीच. कुठल्या बाजूला ओढायचं हे मात्र तिथं तिला एकटीलाच कळत होतं. आणि शेळी-मेंढीच्या बाळंतपणात लहान हात म्हणजे देणगीच, माझा पंजा तिथं कायम निरुपयोगी ठरला.

तुम्ही काळजी करायचीच तर ती या गोष्टींची करा. दवाखान्यातलं काम सुरू होण्याआधी मुलीला रेबीजची प्रतिबंधक लस मिळाली पाहिजे. आजवरची रूढ पद्धत पहिला डोस, मग ७ व्या दिवशी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. गाभडलेल्या गाईचं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलायची नाही, कारण जनावरांना गाभडवणारा ब्रुसेला हा जंतू माणसालाही धरतो आणि त्याचा ताप लवकर पिच्छा सोडत नाही. मुलगा असता तरी हेच सांगितलं असतं.

आता मुलीचा बेत. तो मला पसंत नाही. पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष आंतरवासितेचं, म्हणजे इंटर्नशिपचं. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र अंगावर येतं. गाय हा पाया धरून घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी यांत काय काय वेगळं, ते हाड न् हाड पाठ करायचं. फॉर्मलीनचा वास जेवणाच्या ताटापर्यंत सोबत येतो. मागच्या बाकावर बसून चोरून नीटची पुस्तकं वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं धड हेही होत नाही आणि तेही होत नाही, आणि वर्ष संपता संपता ती निघून गेली की ती जागा वाया जाते. माणसांचं डॉक्टर व्हायचं असेल तर तिनं सरळ एक वर्ष घरी बसून अभ्यास करावा. ठरत नसेल तर प्रवेशफेरीआधी फलटणहून शिरवळला न्या, बाह्यरुग्ण विभागात परवानगी घेऊन एक सकाळ उभी राहू द्या. ज्याला ते दृश्य सोसत नाही त्याला तासाभरात कळतं.

प्रश्न : माझी संकरित गाय तीनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, म्हणून एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेली. सरांनी तपासून रिकामी, म्हणजे गाभण नाही, असं सांगितलं, मग चार-पाच मुलांनी एकामागून एक मागून हात घातला. गाय पाठ वाकवून कुंथत होती. दुसऱ्या दिवशी दूध कमी. मला कुणी विचारलंही नाही. माझी गाय काय शिकवणीचं साधन आहे?
— एक दूध उत्पादक, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : तुम्हाला विचारायला हवं होतं. न विचारता ते करण्याला मी तरी कुठलीही सबब देणार नाही.

पण त्या मुलांच्या हाताला काय लागत असेल तेही ऐका, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही, हे तुम्हालाच ठरवता येईल. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला आत काहीही सापडत नाही. शेण सापडतं. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं, खांद्यापर्यंत हातमोजा, त्याला वंगण, बोटं एकत्र करून हात आत. आधी शेण काढायचं. मग आतडं हातावर आवळतं, तेव्हा थांबायचं. नवशिका तिथंच घाबरून जोर लावतो आणि तिथंच इजा होते. आवळणं ढिलं झालं की तळहात खाली करून कटिभागाच्या तळाशी चाचपडायचं. कोंबडीच्या मानेसारखं घट्ट काहीतरी हाताखालून सरकलं की ते गर्भाशयाचं मुख. ते सापडलं की घर सापडलं. तिथून पुढे गर्भाशयाची दोन शिंगं, म्हणजे दोन फाटे, त्यांच्या टोकाशी बीजांडं, एखाद्या बीजांडावर पीतपिंडाचा, म्हणजे बीज सुटल्यावर तिथं तयार होणाऱ्या गाठीचा, उंचवटा. या सगळ्याला डोळ्यांचा उपयोग नाही. हाताखाली जे येईल त्याचं चित्र मनात काढायचं, आणि ते चित्र बरोबर की चूक हे शेजारी उभ्या मास्तरानं लगेच सांगायचं. मास्तर फोनवर बोलत बाजूला गेला असेल तर त्या मुलाचा हात आत असून नसल्यासारखाच.

म्हणून थेट शेतकऱ्याच्या गाईवर सुरुवात करायची नसते. पहिला पाठ कत्तलखान्यातून आणलेल्या अवयवांवर होतो, टेबलावर, डोळ्यांदेखत. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर आधीपासून आणि बैलांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी असल्यामुळे ते अवयव म्हशीचे असतात. म्हशीत गर्भाशयाचं मुख गाईइतकं ठळक नसतं, हे मुलांना तेव्हाच सांगून ठेवावं लागतं. परदेशात याच्याही आधीची पायरी निघाली आहे. ग्लासगो विद्यापीठात सारा बेली या पशुवैद्यक बाईंनी ‘हॅप्टिक काऊ’ नावाचं यंत्र तयार केलं. विद्यार्थी खोट्या गाईत हात घालतो, बोटाला अवयवांचा भास होतो आणि तो कुठं चाचपडतोय ते मास्तरांना पडद्यावर दिसतं. पैसा असेल तर असं काही जरूर घ्यावं. नसेल तर कापडाच्या पिशवीत ते म्हशीचे अवयव ठेवून न बघता ओळखायला लावावेत. मी तेच करत असे आणि त्यात मुलं फार हसायची. त्यानंतर महाविद्यालयाच्या स्वतःच्या गोठ्यातल्या भाकड गाई. तुमच्या गाईचा नंबर त्याच्याही नंतर.

आणि तिथंही मर्यादा आहे. हातमोज्यावर ताजं रक्त दिसलं की तपासणी बंद. आतड्यात हवा शिरून ते नळासारखं ताठ झालं की बंद, कारण तेव्हा माझ्याही हाताला काही लागणार नाही. गाय सारखी कुंथत असेल तर बंद. सर तपासून गेल्यावर एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्यापलीकडे एका गाईवर शिकवू नये, असं माझं मत. गाय नुकतीच गाभण राहिली असण्याची शक्यता असेल, साधारण पहिले दोन महिने, तर नवशिक्याचा हात नकोच. धसमुसळेपणानं गर्भ दगावू शकतो. तुमची गाय सरांनी रिकामी सांगितली होती, त्यामुळे ती भीती नव्हती. एका दिवसाचं दूध ताणानं कमी झालं असणार. मात्र शेणावर रक्त, ताप किंवा खाणं बंद, यातलं काही दिसलं असतं तर त्याच दिवशी परत न्यायला हवी होती.

पुढच्या वेळी दवाखान्यात शिरतानाच सांगा, एकच विद्यार्थी, आणि तोही सर शेजारी असताना. ‘नाही’ म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे, आणि त्यामुळे उपचार अडता कामा नयेत. मी मात्र विनंती करीन की अगदीच नाही म्हणू नका. तो विद्यार्थी उद्या कुठल्यातरी तालुक्याला पशुधन विकास अधिकारी म्हणून जाणार. त्याचा हात कुणाच्या तरी गाईवर तयार व्हावाच लागतो. तो मास्तर शेजारी असताना झालेला बरा, नाहीतर नोकरीच्या पहिल्या वर्षी मास्तराविना होतो.

प्रश्न : मी पशुसंवर्धनाची पदविका केली आहे. गाव मला डॉक्टरच म्हणतं. पदवीची मुलं आंतरवासितेत आमच्याकडे येतात, त्यांना बैल पाडताही येत नाही. मग साडेपाच वर्षं ती शिकतात तरी काय?
— एक वाचक, जिल्हा लातूर

उत्तर : बैल पाडता येत नाही, हे खरं आहे. शहरातून आलेल्या मुलाला दाव्याची गाठही मारता येत नाही. त्याला ती तुम्ही शिकवा. माझ्या ओळखीतले दोरी सगळ्यात चांगली वापरणारे लोक पदविकावाले आणि दवाखान्यातले परिचरच आहेत. अभ्यासक्रमात जनावर आवरण्याचे तास असतात, पण तिथल्या गाई माणसाळून इतक्या कंटाळलेल्या असतात की त्यांना आवरावंच लागत नाही.

साडेपाच वर्षांचा उपयोग कुठं होतो ते सांगतो. काल व्यालेली गाय आज बसली आहे, उठत नाही. तुम्ही म्हणाल कॅल्शियम, आणि बऱ्याचदा ते बरोबर निघेल. दुग्धज्वरात गाय मान कुशीकडे वळवून बसते, कान गार, शिरेतून कॅल्शियम दिलं की थोड्या वेळात उठून चालू लागते. लोक हात जोडतात. पण वासरू ओढताना कमरेतली नस दबलेली गायही अशीच बसते. मांडी मोडलेली बसते. विषारी कासदाह झालेली बसते. गर्भाशयात पू होऊन विष अंगात भिनलेली बसते. तिला बाटली जोरात सोडली तर हृदय तिथंच थांबू शकतं. म्हणून कॅल्शियम देताना एका हातात सुई आणि कानाला स्टेथोस्कोप, ठोके अडखळले की धार बंद. चार गाई सारख्याच बसलेल्या दिसतात. त्यांतली कुठली कशानं बसली हे ओळखण्यासाठी विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र ही मधली कंटाळवाणी वर्षं लागतात.

कायदाही तुम्हाला माहीत असावा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पदविकाधारकाला लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक सेवा आणि राज्य सरकारनं अधिसूचनेत नमूद केलेले उपचार करता येतात, तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि सूचनेनुसार. स्वतःच्या मनानं महागडं प्रतिजैविक टोचणं त्यात बसत नाही. २०२२ मध्ये गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा पदविकावाले, पदवीवाले आणि आंतरवासितेतली मुलं खांद्याला खांदा लावून गोठ्यागोठ्यात गुरांना लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची लस टोचत होती, तेव्हा कुणी कुणाची पदवी विचारली नाही. पण तो लसीकरणाचा विषय होता, निदानाचा नव्हता.

प्रश्न : मी पहिल्या वर्षाला आहे. मला फक्त कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर व्हायचं आहे. गव्हाणीची लांबी, कोंबडीचं खाद्य, मांसतपासणी हे मी का शिकावं?
— एक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : कारण परिषदेची नोंदणी एकच असते आणि ती सगळ्या जनावरांसाठी असते. आज तुला मांजर हवंय. उद्या लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन गडचिरोलीला गेलीस तर अचानक मेलेल्या बैलाच्या नाकातून न गोठणारं काळं रक्त येताना पाहून ‘हा फऱ्या नव्हे, काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, शव अजिबात फाडू नका’ असं सांगणारी तू एकटीच असशील.

आणि कुत्र्या-मांजरांपुरतंच बोलायचं तरी तुलना शिकल्याशिवाय सुटका नाही. झायलॅझिन या गुंगीच्या औषधाचा घोड्याला जो डोस लागतो त्याचा साधारण दहावा हिस्सा गाईला पुरतो. कुत्र्याच्या पिसवांवरचं परमेथ्रिन मांजराला लावलं तर त्याला झटके येतात. घरातली पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुठल्या जनावराचं यकृत काय पचवतं आणि काय नाही, हे ज्या तासांना तू डुलक्या घेतेस त्याच तासांना सांगतात.

गव्हाणीची लांबी मात्र परीक्षेपुरती पाठ कर. पुढे लागलीच तर पुस्तकात बघता येते.