ऑन्टॅरिओच्या जंगलात मे महिन्यात दिसलेलं पांढरं फूल ट्रिलियमच का? अंगणात लावता येईल?

तीन पानं, तीन हिरवी निदलं (पाकळ्यांखालची छोटी पानं), तीन पाकळ्या आणि दांड्यावर एकच फूल असेल तर ट्रिलियमच. जुनं होताना ते गुलाबी पडतं, त्याला वेगळी जात समजू नका.

रानातून उपटून मात्र आणू नका. बी रुजल्यापासून फुलायला ७ ते १० वर्षं लागतात. पहिल्या वर्षी जमिनीखाली नुसतं मूळ धरतं! रोपवाटिकेतून घ्या, पण रोप तिथेच वाढवलेलं आहे ना, हे विचारून. मेपलसारख्या पानगळीच्या झाडाखाली, कुजलेल्या पाल्यात, ओलसर पण पाणी न साचणाऱ्या जागी लावा. उन्हाळ्यात पानं सुकून नाहीशी झाली तर मेलं समजून उकरू नका. हिमालयातली नागछत्री याचीच बहीण. मुळांपायी बिचारी उपसली जातेय.