पलंग बदलायचा की पलंगाचा पंप?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: सात वर्षांचा हायड्रॉलिक पलंग आहे, गादीसकट झाकण वर उचललं की खाली सामानाचा खोका असतो तसला. वरचं झाकण आता उभं राहत नाही. डिसेंबरात रजया काढताना ते मनगटावर आलं, तेव्हापासून नातवाची क्रिकेटची बॅट टेकू म्हणून लावतात. फर्निचरवाला म्हणतो, जुना द्या, नवा न्या. किंमत ४८,०००, जुन्याचे ६,००० वजा, उरलेले ४२,००० बारा हप्त्यांत, महिना ३,५००, बिनव्याजी. पेन्शन ३१,०००. त्यातच २०१३ च्या गाडीची डिक्की उत्तरायणाच्या सकाळी ह्यांच्या डोक्यावर आली, तर हे म्हणतात गाडीपण काढून टाकू. काय करावं?

ताई, आधी मनगट. बॅट आजच नातवाला परत द्या. खालचं टोक गोल, गुळगुळीत, ती निसटणारच. सुताराकडून दोन बाय दोनचा लाकडी दांडका बरोबर मापाचा कापून घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत झाकण एकट्यानं उघडू नका. हे पैशाचं काम नाही, पण मी इथूनच सुरुवात करणार.

आता पैसे. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे, की जुना पलंग न देता रोख घेतला तर काय, असं फोनवर विचारल्यावर तो ३९,००० म्हणाला. ताई, सगळं उत्तर त्या ओळीत आहे. जुना पलंग दिला तर ४२,०००, नाही दिला तर ३९,०००. म्हणजे तुमचा पलंग तो ६,००० ला घेत नाही. तुम्हीच तो फुकट देऊन वर ३,००० मोजताय.

हप्त्यांचं म्हणाल तर त्याच्या कागदावर ९९९ रुपये प्रोसेसिंग फी आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,१७९. खरी किंमत ३९,००० धरा, त्यातून पहिल्याच दिवशी फी गेली आणि पुढे बारा महिने ३,५०० भरायचे. माझ्या कॅल्क्युलेटरवर हे वर्षाला वीस टक्क्यांच्या अगदी जवळ जातं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. इथे ते जुन्या पलंगाच्या खाली दडवलंय.

आणि बिघडलंय काय? झाकण उचलून धरणारी दोन नळकांडी. बाजारात त्यांना पंप म्हणतात, गाडीच्या दुकानात डिक्कीचे शॉकर, पण आत ना पंप असतो ना पाणी. बंद नळीत दाबून भरलेला नायट्रोजन आणि सील ओलं राहावं म्हणून थोडं तेल, एवढंच. वर्षानुवर्षं सीलमधून वायू कणाकणानं निघून जातो आणि जोर उतरतो. थंडीत वायूचा दाब आणखी घटतो: सकाळी दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस, एवढ्या फरकात साधारण सहा टक्के. नव्या शॉकरला हे कळतही नाही. काठावर आलेला मात्र सकाळी पडतो आणि दुपारी उभा राहतो. ह्यांना संक्रांतीला गाडी म्हातारी झाल्याचा जो साक्षात्कार झाला, तो एवढाच होता.

तुमच्या पलंगाच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. दोन वर्षांपूर्वी कापसाची गादी काढून आठ इंची जाड मॅट्रेस घेतल्याचं तुम्ही लिहिलंय. पंप मात्र जुन्याच वजनाचे राहिले. नळीवर ६००N, ८००N असा आकडा छापलेला असतो. N म्हणजे न्यूटन, जोराचं माप. दहा न्यूटन म्हणजे ढोबळ एक किलोचा जोर. पण झाकण साठ किलोचं म्हणून दोन्ही पंप मिळून ६०० न्यूटन पुरे, असं होत नाही. समजा वजनाचा मध्य बिजागरीपासून नव्वद सेंटिमीटरवर आहे आणि पंप पंचेचाळीसवर टेकतो, तर जोर दुप्पट लागतो, म्हणजे प्रत्येकी ६००, आणि पंप तिरका बसतो म्हणून वर आणखी थोडा. तेव्हा कारागिराला नुसता जुना आकडा सांगू नका. मॅट्रेस बदलल्याचंही सांगा.

जास्त जोराचा घेऊन टाकू, हा मोह मात्र नको. मी तो केलाय. आमच्या दांडिया बाजारच्या घरी स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाला ८० न्यूटनचे होते. दुकानदार म्हणाला, १२० चे न्या साहेब, दणकट. मी, दिवसभर लोकांना विचार करून खर्च करायला सांगणारा माणूस, मुकाट्यानं घेऊन आलो. पल्ला असा उसळायचा की बायको मागे सरकायची, आणि तिसऱ्या महिन्यात बिजागरीचे स्क्रू भुश्शाच्या बोर्डातून भुश्शासकट बाहेर आले. पंप पाचशे रुपयांचे, नवा पल्ला अडीच हजारांचा. जुनाच आकडा हवा होता, कारण पल्ल्याचं वजन बदललंच नव्हतं.

म्हणून दुकानात जाताना जुना पंप काढून सोबत न्या. पूर्ण उघडल्यावर दोन टोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, दांडी किती आत जाते, टोकाची वाटी कशी आहे आणि छापलेला आकडा, हे चारही जुळलं पाहिजे. घ्यायची जोडीच. एक नवा, एक जुना लावला की झाकण पिळवटतं आणि नव्याचंही आयुष्य जातं. शक्य असेल तिथे झाकण बंद असताना दांडी खाली येईल असा बसवायला सांगा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. तीनशे रुपयांत गॅस भरून देतो म्हणणारा भेटेल. त्याला नमस्कार करून पुढे जा. सील गेलेल्या नळीत भरलेला वायू किती दिवस राहणार?

तुम्हाला मिळालेल्या दरांनी पलंगाची जोडी बसवून १,८००, गाडीची १,६००. दोन्ही मिळून ३,४००. तुमच्या एका हप्त्याला शंभर कमी.

माझं मत एका गोष्टीनं बदलेल. गादी काढून खोका नीट बघा. प्लाय फुगलाय का, बिजागरीची भोकं सैल झाली आहेत का, चौकट कुरकुरते का. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरलं, त्यांच्यातल्या एकाला मी स्वतः नवा पलंग घ्यायला सांगितलं होतं, कारण भिजून सुटलेल्या प्लायला नवा पंप लावणं म्हणजे पैसे त्याच पाण्यात. तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर, तेव्हा बहुधा तसं नसावं. असेलच, तर ३९,००० रोख द्या आणि जुना वेगळा विका. पेन्शनमधून हप्ता नको. ३१,००० मधले ३,५०० म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त, आणि तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यावर आलंय. मेडिक्लेममध्ये वीस टक्के तुम्हाला भरायचे आहेत. ह्या वर्षी मोकळी राहणारी प्रत्येक रक्कम तिकडे जाऊ दे.

गाडीबद्दल ह्यांना सांगा, डिक्कीसाठी गाडी विकत नाहीत. विम्यात हे बसणार नाही, झिजेचं नुकसान पॉलिसीत धरत नाहीत; त्या वाटेला जाऊन वेळ घालवू नका. शॉकर गाडीचं मॉडेल आणि साल सांगून घ्या. २०२८ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा फिटनेस तपासणी आणि नोंदणी नूतनीकरणाचा खर्च समोर येईल. विकायची की ठेवायची, ते त्या वेळी आकडे घेऊन बसून ठरवू.

आणि जुने पंप नातवाच्या हाती लागू देऊ नका. जोर उतरला तरी आत दाब असतो. भोक पाडणं, कापणं, शेगडीजवळ ठेवणं, काहीही नको. बसवणाऱ्यालाच घेऊन जायला सांगा.