नाव नसलेलं जुनं अ‍ॅपल २ चं कार्ड (म्हणजे त्या जुन्या कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसणारा सर्किट बोर्ड) कसलं आहे हे कसं ओळखायचं?

आधी ते अ‍ॅपल २ चंच आहे का ते बघा. स्लॉटमध्ये जाणाऱ्या कडेवरच्या सोनेरी पट्ट्या मोजा: एका बाजूला २५, म्हणजे एकूण ५०, असतील तर बहुधा तेच. एका बाजूला ३१ असल्या तर ते आयबीएम पीसीचं ८-बिट कार्ड.

मग सगळ्यात मोठी चिप वाचा. खरी ओळख तिथेच असते. झेड८० हा प्रोसेसर दिसला तर सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्याचं कार्ड. मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये काढलेलं सॉफ्टकार्ड याच जातीचं, पण त्याच्या नकला भरपूर झाल्या. ६५५१ म्हणजे सिरियल कार्ड (मोडेम, प्रिंटर वगैरे जोडण्याचं). एवाय-३-८९१० कुळातल्या चिप्स आणि जोडीला ६५२२ असेल तर मॉकिंगबोर्डसारखं आवाजाचं कार्ड, आणि ते मिळालं असेल तर नशीबवान आहात! ४११६ च्या आठ चिप्स म्हणजे १६ केबी मेमरी. २०-२० पिनांचे दोन कनेक्टर असतील तर फ्लॉपी कंट्रोलर, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह जोडण्याचं कार्ड.

चिपवर ८२३५ असं काही असेल तर ती १९८२ च्या ३५ व्या आठवड्यात बनली. फक्त ७४७४ किंवा ७४३२ ला साल समजू नका, ते चिपचे नंबर आहेत.

एवढं करूनही पत्ता लागला नाही तर दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो इथे टाका. ओळख पटण्याआधी कार्ड मशीनमध्ये घालून बघू नका, आणि मशीन चालू असताना तर कुठलंच कार्ड काढू-घालू नका.