पोरगं दिवसभर काळ्या स्क्रीनवर काय करून राहिलं?

ताई, पत्र मिळालं. मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजातून मानेवाड्याला घरी आला की लॅपटॉपवर काळी स्क्रीन उघडून बसतो, ओळखीच्या फोटोवाल्यांच्या लग्नाच्या फायली कन्व्हर्ट करून देतो, वरखर्चाचे पैसे सुटतात, आणि त्याचे बाबा म्हणतात हे सोड अन् बँकेच्या परीक्षेला बस, नाहीतर एडिटिंगचा डिप्लोमा तरी कर. शिवाय तुमची एक शंका, की तासाभराचा व्हिडिओ हा मिनिटभरात कसा करून देतो, गिऱ्हाइकाला फसवत तर नाही ना?

नाही हो बाप्पा, उलट हाच त्याचा खरा गुण आहे. त्या काळ्या स्क्रीनवर कमांडा टाइप करून तो वापरतो ते एफएफएमपेग, व्हिडिओ-ऑडिओच्या फायली बदलून देणारा, फुकट मिळणारा ओपन सोर्स प्रोग्राम, फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेला. तुम्ही व्हीएलसीवर सिनेमा पाहता ना, त्याच्या पोटातही याच्याच लायब्ररी आहेत. आता एमकेव्ही, एमपी४, एमओव्ही हे नुसते डबे, आतला माल बहुतेक वेळा तोच असतो, एच२६४ किंवा एच२६५ या पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ. टीव्ही फक्त डब्यावरून अडून बसला असेल तर माल जसाच्या तसा दुसऱ्या डब्यात टाकायचा, त्याला तो 'सी कॉपी' म्हणत असेल. क्वालिटी एका पिक्सेलनेही बदलत नाही आणि वेळ लागतो तो फक्त फाइल कॉपी व्हायचा. स्टुडिओवाला तीच फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकून पुन्हा एक्स्पोर्ट करतो, तास घालवतो आणि वरून चित्र थोडं खराब करतो. कधी एन्कोड, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून बसवणं, करायचं नाही हे कळणं, यालाच किंमत आहे.

पण नुसत्या कन्व्हर्टचे पैसे कोणी फार दिवस देणार नाही, ते करणाऱ्या फुकट साइट्स ढीगभर आहेत. पैसे मिळतात ढिगाऱ्याचे. कोचिंगवाल्यांकडे मोबाइलवर घेतलेली लेक्चर्स पडलेली असतात, मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, वरखाली होत राहतो म्हणून एडिटिंगमध्ये टाकलं की पुढे पुढे आवाज आणि ओठ जुळत नाहीत, एका सरांचा आवाज घुमतो तर दुसऱ्यांचा ऐकूच येत नाही. अशा शंभर फायली रात्री एका स्क्रिप्टला, म्हणजे लिहून ठेवलेल्या कमांडांच्या यादीला, लावायच्या, फ्रेम रेट एकसारखा, आवाज लाउडनॉर्म फिल्टरने एका पातळीला, सकाळी फोल्डर तयार. किंवा महाल, इतवारीतल्या घरांत माळ्यावर पडलेल्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या मिनी-डीव्ही टेपा घ्या, एका तासाचे साधारण १३ जीबी होतात, इंटरलेस्ड असतात, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत साठवलेलं, म्हणून कोणी हललं की कडांना दाते दिसतात, ते 'याडिफ' फिल्टरने काढायचे, मग सीआरएफ, म्हणजे क्वालिटीचा आकडा, १८-२० ला ठेवून एच२६४. अशा टेपा कायमच्या खराब व्हायच्या आत उतरवून देणारा माणूस शोधणारे लोक आहेत.

त्याला एक विचारून बघा, कॉपी करून मधूनच कापलं की कधीकधी सुरुवातीला चित्र का अडकतं? कीफ्रेमचं, म्हणजे मधूनमधून येणाऱ्या पूर्ण साठवलेल्या चित्राचं, नाव काढून नीट समजावलं तर पोरगं नुसत्या कमांडा चिकटवून नाही राहिलं, समजून करून राहिलं.

डिप्लोमावर पैसे घालू नका. एडिटिंगचा हात बसवायचा असेल तर दाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन घरी आहेच, आणि त्याची आवड मला एडिटरची वाटत नाही, इंजिनिअरची वाटते. बीसीए पूर्ण होऊ द्या, सोबत लिनक्स, बॅश, पायथन आणि गिट, केलेल्या स्क्रिप्ट गिटहबवर टाकत राहायच्या, मग एमसीए सीईटी. व्हिडिओ एन्कोडिंगची कामं ओटीटी आणि ऑनलाइन शिक्षणाच्या कंपन्यांत असतात, त्यातली नागपुरात फार नाहीत हे आधीच सांगतो, मिहानमध्ये आयटी आहे पण नेमकं हेच मिळेल असं नाही, पुणे, हैदराबाद, बंगळुरू नाहीतर घरून काम, याची मनाची तयारी ठेवा. बँकेची परीक्षा वाईट नाही, पण त्याला स्वतःला द्यायची असेल तरच, आणि ग्रॅज्युएशननंतर. बाबांना सांगा माझं नाव घेऊन, चालते.

नवा लॅपटॉप आत्ता घेऊ नका. एच२६४ बनवणारा एक्स२६४ प्रोग्राम प्रोसेसरवर चालतो, महागडं ग्राफिक कार्ड घेऊन त्याचं काम फारसं अडणार-सुटणार नाही. आधीच्याच मशीनमध्ये एसएसडी नसेल तर टाका, जमलं तर रॅम १६ जीबी, आणि उरलेल्या पैशांत दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, कारण दुसऱ्याच्या लग्नाची एकुलती एक फाइल घरच्या लॅपटॉपवर ठेवून झोपणं काही खरं नाही.