इम्प्युटेशनने, म्हणजे थेट न तपासता आजूबाजूच्या बदलांवरून सॉफ्टवेअरने ताडून, काढलेल्या दुर्मिळ जनुकीय बदलांवर किती विसंबावं? कंपनीच्या जनुकीय चाचणीच्या रिपोर्टवर '९९ टक्क्यांहून अधिक अचूक' असं लिहिलंय.

त्या ९९ ला भुलू नका. याच आकड्यावरून पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी भर लॅब मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली आहेत.

२००० नमुने होते. चिपवर (ती ठरावीक बदलच तपासते) नसलेला एक बदल संदर्भ पॅनेलवरून (जीनोम आधीच वाचलेल्या माणसांच्या संचावरून) इम्प्युट केलेला, आणि पडताळणीसाठी तोच सगळ्यांचा पीसीआरने तपासलेला. खरे वाहक, म्हणजे तो बदल असलेले, निघाले ४. सॉफ्टवेअरने त्यातला एक पकडला, तिघांना सोडलं, वर भलत्याच तिघांना वाहक ठरवलं. म्हणजे ६ चुका. सरांच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत: जुळणी (बरोबर उत्तरांचं प्रमाण) ९९.७ टक्के! आदल्या रात्री मी एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली होती, डोळे मिटून सगळ्यांना शून्य, म्हणजे 'बदल नाही', देणारी. तिच्या चुका ४, जुळणी ९९.८. हे सांगितल्यावर दोघं हसले, सर नाही हसले. "रिव्ह्यूअरला जुळणीच लागते," म्हणाले आणि पुढची स्लाइड. तक्ता तसाच छापून आला.

बदल दुर्मिळ असला की सरसकट 'नाही' म्हणणारा जिंकतो, एवढंच गणित आहे. म्हणून आर-स्क्वेअर (अंदाज आणि खरं उत्तर किती एकत्र हलतात याचं माप, ० ते १) बघायचा, तोही बदल किती दुर्मिळ त्या गटांनुसार आणि खऱ्या जीनोटाइपशी, म्हणजे थेट तपासलेल्या उत्तराशी, ताडलेला. सॉफ्टवेअर स्वतः छापतं तो नुसता अंदाज. त्यावर लावतात ती ०.३ ची चाळणी (त्याखालचे बदल गाळायचे) दुर्मिळ बदलांसाठी फार ढिली आहे, मग कुणी काहीही म्हणो.

पॅनेल कुणाचं, हेही विचारा. पॅनेल म्हणून वापरल्या जाणाऱ्या हजार जीनोम प्रकल्पाच्या २०१५ च्या संचात २५०४ माणसं. दक्षिण आशियाई गट पाच: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी गट नाही. मायबीपीसी३ या हृदयाच्या जनुकातला २५ अक्षरांचा लोप आपल्या उपखंडात साधारण ४ टक्के लोकांत आहे, युरोपीय लोकांत जवळपास नाहीच. निव्वळ युरोपीय पॅनेल वापरलं तर सॉफ्टवेअर तो आणणार कुठून?

हां, इम्प्युटेशन टाकाऊ नाही. ५ टक्क्यांवरच्या बदलांना ते उत्तम चालतं, आणि टॉपमेडसारख्या (हा अमेरिकी प्रकल्प) मोठ्या पॅनेलने दुर्मिळही बरेच हाती लागतात. पण रिपोर्टमध्ये बीआरसीए (स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेली जनुकं) वगैरेतला बदल निघाला असेल तर आधी सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुक थेट वाचून घेणं, करून घ्या, तोवर घरी कुणाला घाबरवू नका. आणि कंपनीने पुन्हा जुळणीच ऐकवली तर एवढंच विचारा: सगळ्यांना शून्य दिलं असतं तर किती आली असती?