दीड तास आणि १.३०

"मॅडम, आकडेमोड पटापट करतो. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली ठेवतो. डोक्यानं कमी आहे का हो हा?"

दहावीतल्या मुलाची आई विचारत होती आणि मुलगा शेजारी बसून ऐकत होता. घर हर्णैला, वडील बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आई बंदरावर मासळी विकते. शाब्दिक उदाहरणांची ही तक्रार घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी येतंच, आणि बहुतेक वेळा ती मुलासमोरच मांडली जाते. मुलाच्या मनात त्यातलं फक्त 'कमी' राहतं. मी आईंना चहा दिला आणि मुलाकडे वही मागितली.

त्यातलं एक उदाहरण असं होतं: एक बोट १ तास ३० मिनिटांत २७ किमी जाते, तर तिचा वेग मीटर प्रति सेकंदात काढा. त्यानं २७ ला १.३० नं भागलं होतं, २०.७७ आले होते, त्याला १८/५ नं गुणून उत्तर लिहिलं होतं ७४.७७. शिकवणीत याच उत्तरावरून त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तेव्हापासून पेन खाली.

मी चूक दाखवली नाही. विचारलं, "बाबांना बंदरावर यायला एवढा वेळ लागला, तर घरी येऊन काय सांगतील?"

"दीड तास लागला."

"दीड म्हणजे?"

"एक आणि अर्धा." मग तो वहीकडे बघत राहिला. "म्हणजे १.५! मी १.३० घेतलं."

ही चूक मी चांगल्या हुशार मुलांच्या वहीतही पाहते. घड्याळातले ३० हे साठातले, दशांश चिन्हापुढचे ३० शंभरातले. लिहिताना दोन्ही सारखे दिसतात. आपल्या भाषेत मात्र दीड, सव्वा, अडीच, पाऊण हे शब्द आहेत आणि त्यांत अपूर्णांक आधीच बसलेला आहे. सव्वा तास म्हणजे १.२५, पाऊण तास म्हणजे ०.७५. पेपर हातात आला की मुलं हे शब्द विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

२७ भागिले १.५, ताशी १८ किमी. आता मीटर प्रति सेकंद. ५/१८ की १८/५ हे त्याला कधीच आठवत नसे. मी म्हटलं, पाठ करू नकोस, एककं लिही. १८ किलोमीटर म्हणजे १८,००० मीटर, एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. भागाकार ५. सेकंदाला पाच मीटर. "आणि तुझं पहिलं उत्तर खरं असतं तर?" त्यानं उलटं गणित केलं: ताशी २६९ किमी. "अशी बोट कुठं असते?" म्हणत तो मोकळं हसला.

पुढच्या खेपेला वडीलही आले. मासेमारीची पावसाळी बंदी होती, बोटी शाकारून ठेवलेल्या, म्हणून त्यांना वेळ होता. ते म्हणाले, आमचं यंत्र वेग नॉटमध्ये दाखवतं, बोट आठ नॉटनं जाते. मी फक्त एवढंच सांगितलं की सागरी मैल १,८५२ मीटरचा आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. पोरानं वडिलांसमोर मांडलं: १४,८१६ मीटर भागिले ३,६००. सेकंदाला चार मीटरच्या जरा वर. वडिलांनी मान डोलावली.

मग प्रवाहाचं उदाहरण. बोट प्रवाहाबरोबर २४ किमी २ तासांत जाते, तेवढंच अंतर परत येताना ३ तास लागतात. 'क्ष कशाला मानायचं?' इथंच मुलं अडतात. मी समीकरणाचं नावही काढलं नाही, विचारलं, खाडीतून बाहेर पडायला कधी सोपं? "ओहोटीला. पाणीच ढकलतं." मग आधी वाक्य लिहायला लावलं: संथ पाण्यात बोटीचा वेग ताशी x किमी, प्रवाहाचा ताशी y किमी. x + y = १२, x − y = ८. बोट १०, प्रवाह २. स्वतः सोडवलं. पडताळाही स्वतःच घेतला.

आईंना मी एकच गोष्ट सांगितली. अभ्यासाला बसला की "उत्तर किती आलं?" विचारू नका. "यात काय चाललंय, मला सांग," म्हणा. तुम्हाला बीजगणित येत नसलं तरी चालेल. सांगताना अडला, तर नेमकं कुठं अडतोय हे त्याचं त्यालाच कळतं.

चाचणीत शाब्दिक उदाहरणं दोन होती. एक पूर्ण बरोबर आलं. दुसऱ्यात त्यानं मिनिटांचे तास केले नव्हते, पण पेपर कोरा सोडला नव्हता. तो पेपर घेऊन आला, तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर वडिलांच्या अक्षरात पाण्याची खोली लिहिली होती: २० वाव पाणी. खाली मुलाच्या अक्षरात: १ वाव = ६ फूट, २० वाव = १२० फूट, साधारण ३६.६ मीटर.

मीटरच्या खाली त्यानं दोन रेघा मारल्या होत्या.